कॅन्सरचं निदान झालं, आता डॉक्टरवर विश्वास कसा ठेवायचा? गोव्यातल्या घरांसाठी पायरी-पायरीने

बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा नमुना काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट आला की घरात लगेच तट पडतात. कुणी म्हणतं, डॉक्टर सांगतील तसं मुकाट्याने करायचं. कुणी म्हणतं, इथे काही खरं नाही, आधी मुंबईला दाखवू. तेवढ्यात कुठल्या तरी वैद्याचा नंबर कुणाच्या तरी ओळखीने मोबाइलवर येतो. ज्याला आजार झालाय तो माणूस कोपऱ्यात गप्प बसलेला असतो. डिचोली असो, फोंडा असो की काणकोण, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

पहिल्यांदाच या वाटेला लागलेल्यांसाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. नातेवाईक आणि शेजाऱ्यांबरोबर इस्पितळांत बसून, कागद सांभाळून जे कळलं ते सांगतो. माझं म्हणणं एवढंच आहे की मनात आलेली शंका दाबू नका, आणि तिच्या भरवशावर उपचारही सोडू नका. शंकेचा प्रश्न करा, तो वहीत लिहा आणि ज्या डॉक्टरबद्दल शंका आहे त्यांनाच विचारा. उत्तर काय येतं आणि कसं येतं, त्यावरून पुढचं ठरवा.

१. सगळ्यांत आधी रुग्णाला सांगा

"डॉक्टर, आईला सांगू नका हं, ती खचेल." ओपीडीच्या दारात हे वाक्य रोज ऐकू येतं. त्यामागे माया असते, यात शंका नाही. पण विश्वासाला पहिला तडा इथेच जातो.

माझ्या मावशीला घरच्यांनी "साधी गाठ आहे, थोडे शेक घ्यायचे" असं सांगितलं होतं. शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला नेलं त्या विभागाच्या दारावरची पाटी तिने वाचली. बाकावर शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "तुमची कितवी किमो?" मावशी घरी आली ती कुणाशी न बोलताच. त्यानंतर खरोखर चांगला रिपोर्ट आला तेव्हाही तिचा त्यावर विश्वास बसेना. "आणखी काय लपवलंय?" एवढंच ती विचारायची. डॉक्टर मनापासून समजावत होते, पण तिच्या लेखी तेही आमच्याच कटात सामील होते. तिला परत सगळ्यांवर भरवसा ठेवायला कितीतरी महिने लागले.

सगळं एकदम सांगायला हवं असं नाही. बायोप्सीला नेतानाच विचारून ठेवा, "रिपोर्ट आला की तुला सगळं जाणून घ्यायचंय, की थोडं थोडं सांगू?" काही जण म्हणतात, "मला नको, तुम्हीच बघा." तोही त्यांचा निर्णय आहे आणि तो मानायचा. पण निर्णय त्यांचा असू दे. कायदाही याच बाजूचा आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात स्पष्ट केलं की सज्ञान, समजतं-उमजतं अशा रुग्णाची संमती स्वतःचीच हवी. त्या खटल्यातली रुग्ण बाई तात्पुरती भुलीखाली असताना तिच्या आईने दिलेली संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. संमतीपत्रावर सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतोय हे माहीत नसेल, तर त्या सहीला काय अर्थ?

२. रिपोर्ट स्वतः वाचा

बरेच जण रिपोर्ट घडी घालून डॉक्टरकडे देतात आणि डॉक्टर बोलतील ते ऐकतात. आधी तो टेबलावर पसरा. नाव, वय, तारीख, नमुन्याचा क्रमांक बघा. अवयव कुठला लिहिलाय, उजवा की डावा, हे बघा. यात चूक असेल तर ती आत्ताच दुरुस्त करून घ्यायची.

मग खाली निदान असतं. समजा लिहिलंय, 'इन्व्हेझिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड २'. ग्रेड वाचून लोक घाबरून म्हणतात, "दुसऱ्या स्टेजला गेला." ग्रेड आणि स्टेज या वेगळ्या गोष्टी आहेत. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती बदललेल्या दिसतात ते ग्रेडवरून कळतं. आजार शरीरात कुठवर पोचलाय ते स्टेजवरून कळतं, आणि ती ठरवायला बहुतेक वेळा सीटी, एमआरआय किंवा पेट स्कॅन लागतो. म्हणजे बायोप्सीच्या रिपोर्टवर स्टेज नाही म्हणून डॉक्टर लपवतायत असं नसतं. स्तनाचा कॅन्सर असेल तर ईआर, पीआर आणि हर-टू या तीन तपासण्यांचे निकाल आलेत का ते विचारा. कुठली औषधं चालतील हे बरंचसं त्यावर ठरतं. ते आले नसतील आणि उपचाराची घाई चालली असेल, तर "या निकालासाठी थांबायला नको का?" हा प्रश्न अगदी रास्त आहे.

आता बायोप्सीबद्दलची भीती. "सुई लावली की पसरतो" हे आपल्याकडे शिकलेली माणसंही म्हणतात. ही समजूत कुठून आली ते मला कळतं. माणूस गाठ घेऊन वर्षभर अंगावर काढतो, शेवटी बायोप्सी होते, आणि आजार मुळातच पुढे गेलेला असल्याने पुढच्या काही आठवड्यांत तब्येत ढासळते. दोष सुईला जातो. प्रत्यक्षात सुईच्या वाटेने पेशी पसरणं फार क्वचित घडतं, आणि ज्या ठिकाणी तसा धोका असतो तिथे डॉक्टर वेगळी पद्धत वापरतात. उदाहरणार्थ वृषणाच्या गाठीत सहसा सुई घालत नाहीत. बायोप्सीशिवाय कॅन्सर नक्की कुठला हेच बहुतेक वेळा कळत नाही. यकृताच्या कॅन्सरसारखे काही अपवाद आहेत, तिथे स्कॅनवर निदान होऊ शकतं. म्हणून बायोप्सी न करता कुणी थेट किमो सुरू करायला निघालं, तर कारण विचारल्याशिवाय हो म्हणू नका. संशय घ्यायचा तर तो इथे घ्या.

३. डॉक्टर कोण आहेत ते बघा

हे लवकर उरकता येतं. किमोथेरपी पाहणाऱ्यांकडे बहुधा मेडिकल ऑन्कोलॉजीची डीएम, शस्त्रक्रिया करणाऱ्यांकडे सर्जिकल ऑन्कोलॉजीची एमसीएच आणि शेक देणाऱ्यांकडे रेडिएशन ऑन्कोलॉजीची एमडी असते. काहींकडे डीआरएनबी किंवा डीएनबी असते, तीही मान्य पदवी आहे. नोंदणी राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येते. हे बघणं म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे.

४. ओपीडीत बसायची तयारी

बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात, पहिल्यांदा गेलेला माणूस गर्दी बघूनच बिथरतो. त्यात आधी एक तरुण डॉक्टर तपासतो, मग दुसरा तेच प्रश्न विचारतो. लगेच कुरकुर सुरू होते, "शिकाऊ पोरांच्या हाती दिलंय." गोमेकॉ हे शिकवणारं इस्पितळ आहे. त्याची परंपरा १८४२ साली पोर्तुगीज अमलात सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेपर्यंत जाते. तिथे निवासी डॉक्टर आधी माहिती घेतात आणि मग ती वरिष्ठांपुढे ठेवतात. एकाच गोष्टीकडे दोन-तीन जणांनी बघणं यात रुग्णाचा तोटा नाही. तुमचं काम एवढंच, की आपण कुठल्या युनिटखाली आहोत, त्याचे प्रमुख कोण आणि ते कुठल्या वारी ओपीडीत बसतात, हे केसपेपरवरून टिपून घ्यायचं.

आत जाताना रुग्णाबरोबर एकानेच जा, फार तर दोघांनी. बोलायचं एकाने. प्रश्न लिहून न्या, आणि सगळ्यांत महत्त्वाचे दोन-तीन वर लिहा, कारण वेळ कमीच मिळतो. मी सुरुवातीला हे विचारतो: हा उपचार आजार पूर्ण बरा करायला आहे, की आटोक्यात ठेवायला? काहीच केलं नाही तर काय होईल? याला दुसरा पर्याय आहे का, आणि तुम्ही तो का निवडला नाहीत? निर्णयाला किती दिवस थांबलं तर चालेल? या केसवर सर्जन, किमोचे डॉक्टर आणि शेकाचे डॉक्टर यांनी एकत्र बसून चर्चा केली आहे का? या बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात, आणि तुमची केस त्यात ठेवा असं तुम्हीही सुचवू शकता.

कोकणीत विचारा, मराठीत विचारा. इंग्रजी शब्द अडला तर "दोतोर, हे आमच्या भाषेत सांगा" म्हणायला लाजू नका. उत्तर ऐकलं की आपल्या शब्दांत त्यांना परत सांगा: "म्हणजे आधी किमो देऊन गाठ लहान करायची आणि मग ऑपरेशन, बरोबर?" गैरसमज झाला असेल तर तो तिथल्या तिथे दिसतो. आधी किमो आणि मग शस्त्रक्रिया हा क्रम ऐकून "ऑपरेशन टाळतायत" असं पुष्कळांना वाटतं. खरं तर काही कॅन्सरांत हाच क्रम ठरलेला असतो.

चांगला डॉक्टर कसा ओळखावा? गोड बोलण्यावरून ओळखू नका. थकलेला, तुटक बोलणारा डॉक्टरही उत्तम असू शकतो. मी दोन गोष्टी बघतो. आपल्याला ठाऊक नाही ते "आत्ता सांगता येणार नाही, स्कॅन आल्यावर बोलू" असं स्वच्छ सांगतो का? आणि दुसऱ्याचं मत घेतो म्हटलं तर चिडतो का? "शंभर टक्के बरं करतो" म्हणणाऱ्यापासून मात्र दूर राहा, मग तो कितीही मोठ्या इमारतीत बसत असो.

५. पैशाचा संशय

खाजगी इस्पितळाबद्दल सगळ्यांत जास्त संशय पैशावरून येतो, आणि तो प्रत्येक वेळी खोटा असतो असं मी म्हणणार नाही. एका ठिकाणी आमच्या शेजाऱ्यांना निदानाच्या दुसऱ्याच दिवशी "उद्याच भरती व्हा, नाहीतर पॅकेजचा दर बदलेल" असं सांगितलं गेलं. आजाराचं कारण देऊन केलेली घाई एक वेळ समजून घेता येते. दराचं कारण देऊन केलेल्या घाईवर सही करायची नाही. खर्चाचा अंदाज लेखी मागा. औषधाचं मूळ नाव विचारा आणि त्याचा स्वस्त, तेवढाच चालणारा ब्रँड आहे का तेही विचारा. २०१९ मध्ये सरकारने कॅन्सरच्या ४२ औषधांवरचा व्यापारी नफा ३० टक्क्यांवर मर्यादित केला, तेव्हा बऱ्याच ब्रँडांच्या किमती उतरल्या होत्या. त्यामुळे विचारणं वाया जात नाही.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड काढून बघा, मुदत आहे का. पाच वर्षं गोव्यात राहणाऱ्या कुटुंबांसाठी ही योजना २०१६ पासून आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांना चार लाख रुपयांचं संरक्षण मिळतं. गोमेकॉत नसलेल्या उपचारासाठी बाहेर जायचं असेल तर आरोग्य खात्याच्या मेडिक्लेम योजनेची चौकशी निघण्याआधीच करा.

६. दुसरं मत घ्या, पण तारीख ठरवून

दुसरं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. डॉक्टरांना सांगूनच घ्या, लपूनछपून नको. अडचण दुसऱ्या मतात नसते. दुसऱ्यानंतर तिसरं, तिसऱ्यानंतर बेळगाव, मग मुंबई, मग "आता गणपती झाल्यावर बघू" अशी जी साखळी लागते, तिच्यात वेळ जातो. २०२० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली की मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो असं दिसलं. बहुतेक गाठींच्या कॅन्सरमध्ये एक-दोन आठवडे दुसऱ्या मतासाठी देता येतात. रक्ताच्या काही तीव्र कॅन्सरमध्ये तेवढेही देता येत नाहीत. म्हणून "किती दिवस?" हा प्रश्न आधी विचारायचा आणि मिळालेल्या दिवसांत सगळं बसवायचं.

बरोबर काय न्यायचं, यात लोक हमखास अडकतात. नुसता रिपोर्ट पुरत नाही. ज्या लॅबमध्ये बायोप्सी तपासली तिथून काचेच्या स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या चौकटीतला मेणाचा तुकडा, त्यात तुमच्या रुग्णाच्या पेशींचा नमुना असतो. त्यावरचा क्रमांक रिपोर्टवरच्या क्रमांकाशी ताडून बघा. स्लाइड डब्यात ठेवा. ब्लॉक मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण उन्हाने मऊ पडतं. दोन्ही हातातल्या पिशवीत असू द्या. स्कॅनचा नुसता कागद नको, सीडीही घ्या. कागद द्यायला कुणी टाळाटाळ केली तर लेखी अर्ज द्या. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे रुग्णाने मागितलेले वैद्यकीय कागद ७२ तासांत द्यायचे असतात.

मुंबईला जायचं तर परळचं टाटा मेमोरियल. ते १९४१ साली सुरू झालं. कोकणकन्येने रात्री निघालं की सकाळी दादरला उतरता येतं. उपचाराला किंवा तपासणीला जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टिअर एसीत रेल्वेचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी ठरावीक नमुन्यातला डॉक्टरांचा दाखला लागतो, तो आधीच घ्या. राहण्यासाठी परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा यांची चौकशी करा. जागा मिळेलच असं धरून मात्र निघू नका.

मुंबईतही तीच औषधं, तोच क्रम सांगितला तर "सगळे मिळालेले आहेत" असं समजू नका. टाटाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड उभी राहिली. देशभरातल्या केंद्रांनी एकाच पद्धतीने उपचार करावेत म्हणून तिने मार्गदर्शक तत्त्वं तयार केली आहेत. दोन ठिकाणी एकच उत्तर येणं ही भरवसा वाटण्यासारखी गोष्ट आहे, आणि मग घराजवळ उपचार घेण्यात शहाणपण आहे. किमोनंतर रात्री ताप भरला तर परळ नव्हे, बांबोळीच जवळची.

मतं वेगळी आली तर दोघांनाही एकच प्रश्न विचारा, "त्यांनी असं का सांगितलं असेल?" कारण समजलं की निवड सोपी होते. कधी स्लाइड परत तपासल्यावर कॅन्सरचा प्रकारच वेगळा निघतो, तेव्हा या सगळ्या खटाटोपाचं चीज होतं.

७. वैद्य, गांवठी वखद आणि कौल

हे लिहिताना मला जपून लिहायचंय, कारण ही माणसं आपल्याच वाड्यावरची असतात. जो माणूस सुईच्या प्रत्येक टोचणीचा हिशेब डॉक्टरकडे मागतो, तोच कागदाच्या पुडीत आलेली भुकटी त्यात काय आहे हे न विचारता घेतो. जे प्रश्न डॉक्टरला, तेच वैद्याला विचारा. यात काय आहे? आधी कुणाला दिलं, त्यांचे आधीचे आणि नंतरचे रिपोर्ट दाखवाल का? चालू उपचार बंद करायला सांगताय का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" आलं तर तिथून उठा. कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांच्या २०१८ च्या अभ्यासात, आजार पसरलेला नसताना नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका अडीच पट आढळला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो पाच पटींहून जास्त होता.

तरीही घरात कुणी काढा देतंच असेल, तर डॉक्टरांना सांगा. "ओरडतील" म्हणून लपवू नका. कोविडच्या काळात गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. किमो चालू असताना यकृताचा रिपोर्ट बिघडला आणि काढ्याचं कुणी बोललंच नाही, तर डॉक्टर नको तिथे कारण शोधत बसतील. डॉक्टरांनी आपल्यापासून काही लपवू नये असं वाटतं ना? मग आपणही लपवायचं नाही.

आणि कौल. ऑपरेशन करावं की नाही हे ग्रामदेवतेला विचारून ठरवणारी घरं मी ओळखतो. पाकळी पडेपर्यंत देवळात हात जोडून बसलेली म्हातारी माणसं बघितली की त्यांना काही बोलायची हिंमत होत नाही, आणि बोलूही नये. देवाकडून बळ घ्या, ऑपरेशनला जाण्याआधी नारळ ठेवा, नवस बोला. फक्त इस्पितळाने दिलेली तारीख कौलावर हलवू नका. भटजींनाच हे समजावून सांगितलं तर बहुतेक वेळा तेच घरच्यांना पटवतात, हा माझा अनुभव आहे.

८. उपचार सुरू झाल्यावर

केस जाणार, तोंड येणार, चव जाणार, थकवा येणार. हे आधीच माहीत असेल तर "किमोनेच मारलं" असं वाटत नाही. म्हणून पहिल्या डोसआधी विचारून घ्या: काय होणार, कधी होणार, आणि काय झालं तर रात्रीअपरात्री यायचं. किमोनंतर पहिल्या दोन आठवड्यांत रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात. तेव्हा १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, लगेच इस्पितळात जायचं. थर्मामीटर घरात ठेवा. रात्री फोन कुणाला करायचा तो नंबर फ्रिजवर चिकटवा.

एक जाड फाइल करा, तारखेप्रमाणे लावलेली. नवीन डॉक्टरसमोर ती फाइल तुमच्या वतीने बोलते.

९. विश्वास खरोखरच उडाला तर

डॉक्टर प्रश्नांना उत्तरच देत नाहीत, सही घेताना घाई करतात, पदोपदी वेगळं सांगतात, असं झालं तर डॉक्टर बदला. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. आधी एकदा शांतपणे भेट मागून बोला. इस्पितळात समाजसेवक असेल तर त्यांना मध्ये घ्या. तरीही जमलं नाही तर डिस्चार्ज समरी घ्या, आणि कुठलं औषध, किती मात्रेत, किती वेळा दिलं याची लेखी नोंद घ्या. शेक चालू असतील तर मध्येच सोडू नका, कारण त्यात पडलेला खंड उपचाराचं बळ कमी करतो. तेवढे पूर्ण करून, किंवा दोन्ही डॉक्टरांचं बोलणं घडवून आणून, मग हला. आणि नव्या ओपीडीचा नंबर हाती आल्याशिवाय जुनी तारीख रद्द करू नका.